नवजात बालकाचा वाढ-आलेख : एका नोंदीचे मोल

(राष्ट्रीय नवजात सप्ताहानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात देणगीदार, विश्वस्त व रुग्णांच्या कुटुंबीयांसमोर प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाची संहिता)



दरवर्षी १५ ते २१ नोव्हेंबर हा सप्ताह आपल्या देशात नवजात बालकांसाठी पाळला जातो. या सप्ताहात व्याख्यान द्यावयाचे ते बालरोगतज्ज्ञांनी, असा आजवरचा प्रघात. यंदा तो मान प्रशासनाला देण्यात आला, याबद्दल आम्ही संकोचपूर्वक आभार मानतो. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आमचे आयुष्य रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंद यांत गेले. औषधोपचाराविषयी बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु बाळाच्या जन्माच्या वेळी एक नोंद केली जाते आणि नोंद हा आमच्या विषयातला शब्द आहे. त्या नोंदीबद्दल आज आपल्याशी बोलावयाचे आहे. वैद्यकीय भाग आमच्या डॉक्टरांकडून समजून घेतला आहे. त्यात जे बरोबर असेल ते त्यांचे.

बाळ जन्मले की घरची मंडळी दोन प्रश्न विचारतात. पहिला, मुलगा की मुलगी. दुसरा, वजन किती. बाळाचे नाव बारशापर्यंत ठरत नाही, पण वजन मात्र तासाभरात साऱ्या गोतावळ्यात पोहोचलेले असते. अडीच किलोच्या वर आकडा ऐकला की सर्वांचा जीव भांड्यात पडतो.

काही वर्षांपूर्वी आमचाही असाच पडला होता. एका मातेला पूर्ण दिवस भरून मुलगी झाली. वजन २ किलो ५६० ग्रॅम. रजिस्टरमध्ये वजनाचा रकाना होता, त्यात आकडा भरला गेला. अडीच किलोच्या खालच्या बाळांसमोर लाल शाईने खूण करण्याची पद्धत होती; या बाळाला खुणेची गरज पडली नाही. दुसऱ्या रात्री आजी कौतुकाने सांगत होत्या, "किती शहाणी आहे बघा, मुळी रडतच नाही." फेरीवर आलेल्या सिस्टरांनी बाळाच्या पायाला हात लावला, तो थंडगार. अंगावर ओढायला घेतले तर तोंडात जोर नाही. रक्तातील साखर तपासली, ती फार खाली गेलेली. बाळाला ताबडतोब नवजात विभागात नेले, सलाईनमधून साखर दिली, ऊब दिली आणि देवदयेने नवव्या दिवशी ती मुलगी हसतखेळत्या घरी गेली.

जाताना त्या आजींनी आम्हांस विचारले, "साहेब, कागदावर तर सगळे बरोबर लिहिले होते ना?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. कागदपत्रे मागवून पाहिली. कोणाचीही चूक आढळली नाही. रजिस्टरने जे विचारले होते ते सर्व अचूक भरलेले होते. जे विचारावयास हवे होते ते रजिस्टरने विचारलेच नव्हते. ते रजिस्टर छापून घेणारे आम्हीच होतो. त्यामुळे ही चूक वॉर्डाची नव्हती, कार्यालयाची होती, हे आज या व्यासपीठावरून नमूद करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

हा अडीच किलोचा आकडा आला कोठून? फिनलंडचे बालरोगतज्ज्ञ आर्वो युल्पो यांनी १९१९ मध्ये २५०० ग्रॅम ही सीमारेषा वापरली. त्याखालचे बाळ ते अपुऱ्या दिवसांचे, असा समज पुढे अनेक वर्षे रूढ राहिला. परंतु पूर्ण दिवसांची बाळेही लहान असू शकतात, हे ध्यानी आल्यावर १९६१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने हे दोन विषय वेगळे केले आणि 'जन्मतः कमी वजन' हा स्वतंत्र शब्दप्रयोग सुचविला. आजही २५०० ग्रॅमच्या आतील वजनाला कमी वजन म्हणतात आणि ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीच्या जन्माला अपुऱ्या दिवसांचा जन्म म्हणतात. दोन्ही मापे उपयोगी आहेत. पण ती दोन आहेत, एक नव्हे.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. शेजारच्या दोन पाळण्यांत दोन बाळे आहेत. दोघांचेही वजन २१०० ग्रॅम. पहिले ३४ आठवड्यांचे, दुसरे ३९ आठवड्यांचे. काट्याच्या दृष्टीने दोघे सारखे. परंतु पहिले बाळ त्याच्या दिवसांच्या मानाने योग्य वजनाचे आहे. ते फक्त लवकर आले. त्याची फुप्फुसे पुरती तयार नसतील, चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ अजून बसला नसेल, कावीळ वाढण्याची भीती राहील. दुसऱ्याची फुप्फुसे तयार आहेत. पण गर्भाशयात त्याला पुरेसे पोषण मिळाले नसावे. त्याच्या अंगावर चरबी नाही, यकृतात साखरेचा साठा नाही. ते लवकर गारठते, त्याची साखर अचानक उतरते, काही वेळा रक्त प्रमाणापेक्षा दाट झालेले असते. एकाच आकड्यामागे दोन निरनिराळी संकटे उभी आहेत. व्यापारी भाषेत सांगावयाचे तर शिल्लक रक्कम तीच, पण एक पेढी कालच उघडलेली आहे आणि दुसरी वर्षभर तोट्यात चाललेली आहे.

हा भेद कागदावर दिसावा म्हणून वाढीचा आलेख असतो. अमेरिकेतील डेन्व्हर शहरात डॉ. लुला लुब्चेन्को यांनी १९६३ मध्ये असा एक आलेख प्रसिद्ध केला. आडव्या रेषेवर गर्भारपणाचे आठवडे, उभ्या रेषेवर वजन. मधून वक्र रेषा जातात. दहावी रेषा म्हणजे त्या आठवड्यात जन्मलेल्या शंभर बाळांपैकी वजनाने सर्वांत लहान दहा जेथे संपतात ती जागा. नव्वदावी रेषा म्हणजे सर्वांत मोठी दहा जेथे सुरू होतात ती. १९६७ मध्ये डॉ. बटाग्लिया आणि डॉ. लुब्चेन्को यांनी यावरून बाळांचे तीन गट मांडले : दिवसांच्या मानाने लहान, योग्य आणि मोठी. आमच्या त्या मुलीचा बिंदू ४० आठवड्यांच्या उभ्या रेषेवर मांडला असता तर तो दहाव्या रेषेच्या खाली पडला असता आणि पहिल्या तासापासून तिची साखर तपासली गेली असती.

तिसऱ्या गटाबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण तेथे आपल्या समाजाची समजूत आड येते. ३६ आठवड्यांचे बाळ ३ किलो ६०० ग्रॅमचे जन्मले तर घरात पेढे वाटले जातात. गुटगुटीत, बाळसेदार बाळ पाहून कोणाला आनंद होणार नाही? पण हे बाळ नव्वदाव्या रेषेच्या वर आहे. मातेला मधुमेह असेल तर तिच्या रक्तातील जादा साखर बाळापर्यंत जाते आणि बाळाचे शरीर त्यासाठी जादा इन्सुलिन तयार करीत राहते. नाळ कापली की साखरेचा पुरवठा थांबतो. इन्सुलिन मात्र लगेच थांबत नाही. म्हणून दिसावयास सर्वांत सुदृढ असलेल्या या बाळाची साखरही पहिल्या काही तासांत धोकादायकरीत्या उतरू शकते. शिवाय ३६ आठवडे म्हणजे ते अपुऱ्या दिवसांचेही आहेच. अशा बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेताना नातेवाईक नाराज होतात. त्यांना आमची विनंती आहे की, तो थेंब बाळाच्या रक्षणासाठी घेतला जात आहे.

आता प्रश्न असा की आलेख कोणाचा वापरावा? डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे आणि उंच प्रदेशात बाळे किंचित कमी वजनाची जन्मतात. एका शहराच्या एका रुग्णालयातील बाळांचे माप साऱ्या जगाला लावणे योग्य नव्हे. कॅनडातील तानिस फेंटन यांनी निरनिराळ्या देशांतील माहिती एकत्र करून २००३ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी आलेख तयार केला आणि २०१३ मध्ये मुलगे व मुली यांचे स्वतंत्र आलेख दिले. मुलींचे वजन सरासरीने थोडे कमी असते, म्हणून हे आवश्यक होते.

त्यानंतरचे काम आपल्या अभिमानाचे आहे. 'इंटरग्रोथ-२१' या आंतरराष्ट्रीय अभ्यासासाठी जगातील आठ ठिकाणे निवडली गेली. त्यांत ऑक्सफर्ड, सिएटल, तुरीन, मस्कत, बीजिंग, नैरोबी, ब्राझीलमधील पेलोतास आणि आपले नागपूर होते. ज्या मातांचे आरोग्य व पोषण चांगले आहे आणि ज्यांच्या गर्भारपणाचे आठवडे नक्की माहीत आहेत, अशा मातांच्या बाळांवरून नवजात बालकांची मानके बांधून ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. पूर्वीचे आलेख 'बाळे कशी असतात' हे सांगत. हा आलेख 'निरोगी मातेचे बाळ कसे असावे' हे सांगतो. जमाखर्च आणि अंदाजपत्रक यांत जो फरक, तोच येथे. या अभ्यासात बाळाच्या लांबीतील एकूण फरकापैकी फक्त सुमारे साडेतीन टक्के फरक ठिकाणामुळे होता. म्हणजे 'आपल्या लोकांची बाळे लहानच असायची' हे समाधान आपण सहजासहजी करून घेऊ नये. तथापि या मानकाने आपल्याकडील बरीच बाळे 'लहान' ठरतात, त्या सर्वांना खरोखरच धोका असतो का, याविषयी तज्ज्ञांत चर्चा चालू आहे. आमच्या डॉक्टरांचा आग्रह एवढाच की, कोणता आलेख वापरला ते केसपेपरवर लिहावे आणि एका बाळासाठी मध्येच तो बदलू नये.

आलेख कितीही उत्तम असो, त्यावरचा बिंदू दोन आकड्यांवर उभा असतो. त्यातला एक जरी चुकला तरी बिंदू खोटा पडतो.

पहिला आकडा आठवड्यांचा. आपल्याकडे नऊ महिने नऊ दिवस म्हणतात. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे सुमारे नऊ महिने सात दिवस मोजतात. हिशेब एकच, अडचण सुरुवातीच्या तारखेची. नाव नोंदविताना अनेक भगिनी सांगतात, "गणपती उठले आणि मग चार-पाच दिवसांनी." आमच्या सिस्टर पंचांग उघडून त्याची तारीख काढतात. परंतु दोन आठवड्यांचा फरक पडला तरी योग्य वजनाचे बाळ लहान ठरते किंवा लहान बाळ योग्य ठरून निसटते. यासाठी पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफी सर्वांत भरवशाची. उशिराच्या सोनोग्राफीवरून दिवस ठरविले तर मुळातच न वाढलेले बाळ 'कमी दिवसांचे' वाटू शकते. जन्मानंतर त्वचा, तळपायाच्या रेषा, कानाची पाळी, हातापायांचा ताठपणा पाहून डॉक्टर आठवड्यांचा अंदाज करतात. तो अंदाजच असतो.

दुसरा आकडा वजनाचा. येथे आमचा व्यवसाय कामी आला. वरील प्रसंगानंतर आम्ही जुनी रजिस्टरे घेऊन बसलो, तेव्हा हिशेब तपासणाऱ्याला खटकावी अशी गोष्ट दिसली : गोल आकडे फार होते. २५००, २७००, ३०००. निसर्ग असे गोल आकडे देत नाही. काट्यावर २४६० दिसले आणि घाईत २५०० लिहिले गेले तर ते बाळ कागदावर रेषा ओलांडून सुरक्षित प्रदेशात जाते; प्रत्यक्षात ते जेथे होते तेथेच राहते. जुना स्प्रिंगचा काटा काढून टाकला, इलेक्ट्रॉनिक काटा आणला. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला काटा शून्यावर आहे का ते पाहावे, बाळाला झबले-दुपट्याशिवाय तोलावे, आकडा दिसेल तसाच लिहावा, असा नियम केला.

नवीन रजिस्टर छापून येईपर्यंत आम्ही एक रबरी शिक्का करून घेतला. पूर्ण झालेले आठवडे व दिवस, वजन, लांबी, डोक्याचा घेर, आलेखावरील गट आणि मातेचा मधुमेह वा रक्तदाब. लांबी आणि डोक्याचा घेर यांना विशेष अर्थ आहे. वजन कमी पण डोके योग्य मापाचे असेल तर पोषणाची ओढाताण बहुधा शेवटच्या महिन्यांतली असते. शरीराने मेंदूचा वाटा राखून ठेवलेला असतो. तिन्ही मापे सारखीच लहान असतील तर कारण अधिक आधीचे असू शकते आणि डॉक्टर त्या दिशेने तपास करतात. कधी आई-वडीलच लहान चणीचे असतात आणि बाळ पूर्ण निरोगी असते. हे ठरविणे डॉक्टरांचे काम. आम्ही महिनाअखेर फक्त रिकामे रकाने मोजतो.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. दहावी रेषा ही उत्तीर्ण-अनुत्तीर्णाची रेषा नाही. रेषेच्या व्याख्येनुसारच शंभर निरोगी बाळांतली दहा तिच्या खाली असणार. रेषेखालचे बाळ आजारी आहे असा त्याचा अर्थ नाही. त्याच्याकडे अधिक वेळा पाहावयाचे आहे, एवढाच अर्थ आहे. त्याचप्रमाणे रेषेच्या वरच्या बाळालाही जंतुसंसर्ग होऊ शकतो. आलेख निदान करीत नाही, जागे राहावयास सांगतो.

आणि ही जाग किती दूर पोहोचते पाहा. इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या आरोग्य अधिकारी भगिनीच्या देखरेखीखाली प्रत्येक बाळाचे जन्माचे आणि एक वर्षाचे वजन खातेवहीत लिहिले जाऊ लागले. त्या वह्या अनेक दशके तशाच राहिल्या. पुढे डॉ. डेव्हिड बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांवरून १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५६५४ पुरुषांचा मागोवा घेतला आणि १९८९ मध्ये दाखवून दिले की, ज्यांची बालपणीची वजने सर्वांत कमी होती त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत अधिक होते. लिहिणाऱ्या परिचारिकांना याची कल्पनाही नसेल. त्यांनी फक्त आकडा खरा लिहिला.

आपल्या पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांची मापे इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आपल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर तेथील बाळांचे ३.५ किलो होते. आश्चर्य असे की आपली बाळे स्नायूंनी बरीच कृश, पण कातडीखालच्या चरबीत तितकी मागे नव्हती. म्हणून लहान जन्मलेल्या बाळाला पुढे भराभर लठ्ठ करण्याचा प्रयत्न हिताचा नाही. पुढे मधुमेहाचा धोका त्यातून वाढतो. त्याने आपल्या रेषेच्या दिशेने सावकाश चढावे, ही अपेक्षा.

उपस्थित कुटुंबीयांना आमच्या चार विनंत्या आहेत. दिवस गेल्याची शंका येताच नाव नोंदवावे आणि पाळीची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. बाळाचे वजन केल्याने दृष्ट लागते, ही समजूत सोडावी. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येते. त्यासाठी मध, घुटी वा वरचे दूध देऊ नये, शंका असल्यास दाखवावयास यावे. आणि लवकर जन्मलेल्या बाळाची तुलना शेजारच्या बाळाशी करू नये. जितके आठवडे ते आधी आले तितके वयातून वजा करूनच त्याची वाढ पाहावी. लहान बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून ठेवण्याची कांगारू पद्धत आमच्या विभागात शिकविली जाते. त्यास खर्च नाही, आणि आई थकली तर वडील व आजीही ते करू शकतात. ३४ आठवड्यांआधी किंवा २००० ग्रॅमहून कमी वजनाने जन्मलेल्या बाळाची डोळ्यांची तपासणी चार आठवड्यांच्या आत झालीच पाहिजे. आम्ही डिस्चार्ज कार्डावर ती तारीख मोठ्या अक्षरांत लिहितो. ती चुकवू नये.

देणगीदार महोदयांस शेवटी एकच निवेदन. आपण दिलेली उपकरणे विभागात अहोरात्र चालू आहेत आणि त्यांवर आपल्या आप्तांची नावे कोरलेली आहेत, ती योग्यच आहेत. परंतु आजच्या विषयाला लागणारी साधने फार साधी आहेत : बाळाची लांबी मोजण्याची फळी, न ताणणारी मोजपट्टी, नेमका काटा आणि साखर तपासण्याच्या पट्ट्या. पट्टी एकदा वापरली की संपते. तिच्यावर कोणाचे नाव कोरता येत नाही. तरीही त्या रात्री एका बाळाला वाचविणारी पहिली वस्तू तीच होती. या पट्ट्यांचा व मोजमाप साधनांचा खर्च यापुढे ताळेबंदात स्वतंत्र शीर्षकाखाली दाखविण्याची अनुमती विश्वस्त मंडळाने दिली आहे, याबद्दल आम्ही ऋणी आहोत.

त्या आजींचा प्रश्न आम्ही विसरलेलो नाही. "कागदावर तर सगळे बरोबर लिहिले होते ना?" आता नव्या रजिस्टरमध्ये वजनाच्या आधी आठवड्यांचा रकाना आहे. तो भरल्याशिवाय वजनाचा आकडा लिहू नये, असा कार्यालयीन आदेश आहे आणि तो आमच्या सहीने निघालेला आहे. पुन्हा कोणी तसे विचारले तर होय म्हणता यावे, यासाठी आमचा आणि आमच्या सहकाऱ्यांचा प्रयत्न राहील. आपला लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा, ही विनंती.